ताप उतरल्यानंतरचा आठवडा

गेल्या अंकात फ्लूवर लिहिलं होतं, त्यानंतर पत्रांचा आणि मेलचा ढीगच पडला. त्यातली निम्मी तरी हृदयाबद्दलची आहेत. कोणाला तापानंतर धडधड होतेय, कोणाच्या घरी ताप उतरल्यावर अटॅक आला, कोणी व्हॉट्सॲपवर आलेलं पाठवून विचारतंय की डॉक्टर हे खरं का. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. नावं छापत नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न : माझे वडील वय ६४, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या रेग्युलर घेतात. जुलैमध्ये घरात सगळ्यांना व्हायरल झालं, त्यांनाही झालं, चार दिवसांत ताप उतरला, जेवायलाही लागले. सहाव्या दिवशी पहाटे पोटात वरच्या बाजूला जळजळ, घाम आणि दोन्ही हात जड पडल्यासारखे वाटतात म्हणाले. आम्हाला वाटलं अँटिबायोटिकने ॲसिडिटी झाली, थंड दूध दिलं, गॅसची गोळी दिली. दुपारी चक्कर आली तेव्हा हॉस्पिटलला नेलं तर हार्ट अटॅक निघाला, एक स्टेंट टाकला. आता बरे आहेत पण माझ्या डोक्यातून जात नाही. हा योगायोग का तापामुळेच झालं? आणि आमचं चुकलं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. घरातल्यांना हे ओळखता आलं नाही म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका, कारण शुगर असलेल्या माणसाला छातीत ती टिपिकल कळ येतेच असं नाही, नुसता घाम, नुसती मळमळ, नुसता दम असंही येतं आणि त्यात नुकताच ताप येऊन गेलेला असला की सगळं त्या तापाच्या खात्यात जमा होतं. अहो डॉक्टर लोकांचंही होतं असं.

आता योगायोग का ते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तापामुळेच झालं असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण योगायोग म्हणून सोडून देण्यासारखंही ते नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात यावर फार चांगला अभ्यास झाला, २०१८ च्या जानेवारीत छापून आला. टेस्ट करून फ्लू पक्का झालेली माणसं घेतली आणि त्या टेस्टच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष यात त्यांना हार्ट अटॅक कधी आला ते बघितलं. म्हणजे माणूस तोच, फक्त आठवडे वेगळे, त्यामुळे याला शुगर होती आणि त्याला नव्हती ही भानगडच राहत नाही. एकूण ३६४ अटॅक सापडले. एरवीच्या दिवसांत आठवड्याला सरासरी ३.३ अटॅक पडत होते आणि फ्लूच्या टेस्टनंतरच्या पहिल्या सात दिवसांत २० पडले, म्हणजे धोका सहापट. आठव्या दिवसापासून पुढे ती वाढ दिसली नाही. आरएसव्ही आणि सर्दी-खोकल्याच्या इतर व्हायरसनेही धोका वाढलेला दिसला, फ्लूइतका नाही पण वाढला. यातली बहुतेक माणसं वयस्कर होती हेही लक्षात ठेवा, पंचविशीतल्या पोराला हे सहापट जसंच्या तसं लावू नका.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे भीती कमी होईल. चाळिशी-पन्नाशीनंतर बऱ्याच जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आतून चरबीचा थर बसलेला असतो आणि त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखं पातळ आवरण असतं. साय जागेवर आहे तोवर माणूस वर्षानुवर्षं चालतो फिरतो, त्याला पत्ताही नसतो. व्हायरसशी लढताना शरीरात जी सूज येते ती फक्त घशात नि फुप्फुसात थांबत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते, ती ही साय कमकुवत करते. साय फाटली की आतला माल रक्ताला लागतो आणि तिथे गुठळी धरते. त्यात त्या दिवसांत रक्त मुळातच गोठायला उत्सुक असतं, पाणी कमी प्यायलेलं असतं, माणूस दिवसभर पडून असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ताप एक डिग्री सेल्सियसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहाने वाढते, म्हणजे आपल्याकडच्या थर्मामीटरवर १०२ दिसला की हृदय मिनिटाला वीसएक ठोके जास्त मारतंय, रात्रंदिवस, आणि न्यूमोनिया झाला असेल तर तेही कमी ऑक्सिजनवर. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला हे झेपत नाही. तिसरं म्हणजे व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येऊ शकते, त्याबद्दल पुढे पुण्याच्या पत्रात लिहितो.

अमेरिकेत २०१० ते २०१८ या आठ फ्लूच्या सीझनमध्ये फ्लूमुळे ॲडमिट झालेल्या ८० हजारांवर मोठ्या माणसांची कागदपत्रं तपासली तर त्यातल्या ११.७ टक्के लोकांना त्याच ॲडमिशनमध्ये हृदयाचा काहीतरी तीव्र त्रास झालेला होता, बहुतेक वेळा हार्ट फेल्युअर नाहीतर अटॅकच्या जातीचा. म्हणजे साधारण नवात एक. ही ॲडमिट करायची वेळ आलेली माणसं होती हे खरं, तरी आकडा लहान नाही.

त्यामुळे घरात ज्यांना शुगर, बीपी, आधीचा स्टेंट किंवा बायपास आहे, किंवा वय साठच्या पुढे आहे, त्यांचा ताप उतरला म्हणून सुटलो असं समजू नका, पुढचा आठवडाभर त्यांच्यावर डोळा ठेवा. छातीत जड वाटणं, जबडा किंवा हात भरून येणं, कारण नसताना दरदरून घाम, जिना चढताना आधी नव्हता तो दम, यातलं काहीही झालं तर तासाभरात ईसीजी निघाला पाहिजे. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी यायचं नाही, ट्रोपोनिन म्हणून रक्ताची टेस्ट असते ती करायला सांगा, गरज पडली तर काही तासांनी पुन्हा करतात. गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा. एक मात्र सांगून ठेवतो, पावसाळ्यातला ताप असेल तर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका, तो डेंग्यू असू शकतो आणि त्यात ॲस्पिरिनने रक्तस्राव होतो. फोनवर डॉक्टरला विचारून काय ते करा. ज्यांना स्टेंटनंतर ॲस्पिरिन चालूच आहे त्यांनी पण ती स्वतःहून बंद करायची नाही, तेही डॉक्टरला विचारूनच.

प्रश्न : आईचं हृदय कमजोर आहे, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के आलंय. तिला मागच्या महिन्यात ताप-खोकला झाला तेव्हा शेजारचे म्हणाले दोन सलाईन लावून घ्या, तरतरी येईल. मेडिकलवाल्याने सर्दीची आणि अंगदुखीची गोळी दिली. तिच्या रोजच्या सहा गोळ्या आहेत, त्यात या गोळ्या द्यायच्या का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझा एक पेशंट आठवला, त्याचंच आधी सांगतो. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले, बासष्टीचे. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला, पंपिंग कमी. पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून आलं, गावात दोन दिवसांत तीन बाटल्या सलाईन लागल्या आणि वर अंगदुखीचं इंजेक्शन. ताप उतरला. तिसऱ्या रात्री त्यांची बायको बघते तर हे पलंगावर नाहीत, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेत आणि डायनिंग टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकवलंय. विचारलं तर म्हणाले आडवं झालं की गुदमरतं, बसलं की बरं वाटतं. त्या दोन रात्री त्यांनी तसंच बसून काढल्या. मुलाला वाटलं अशक्तपणा आहे, तो रोज शहाळं आणत होता. माझ्याकडे आणलं तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, मोजा काढला तर इलास्टिकचा वण बोटभर खोल, आणि फुप्फुसात खालपासून अर्ध्यापर्यंत पाणी. पाच दिवस ॲडमिट ठेवून लघवीच्या इंजेक्शनवर ते पाणी काढावं लागलं.

आता हिशोब बघा. अर्ध्या लिटरच्या एका नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. धडधाकट माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण कमजोर हृदयाच्या माणसाला तासाभरात सरळ शिरेतून एवढं मीठ नि अर्धा लिटर पाणी देतो. तरतरी येते ती तेवढ्यापुरती. तुमच्या आईला उलट्या जुलाब होऊन बीपी खाली गेलं तर सलाईन लागेलही, पण ते हृदयाचं माहिती असलेल्या डॉक्टरने मोजून मापून द्यायचं. नुसत्या अशक्तपणाला नको. शेजाऱ्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

अंगदुखीच्या गोळ्यांचं तसंच आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या सगळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात, अटॅकचा धोकाही वाढवतात, कमजोर हृदयाला त्या नकोतच. तापाला आणि अंगदुखीला साधी पॅरासिटामोल, डोसमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघा, त्यात फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलेलं असेल तर परत करा, नाक मोकळं करता करता ते बीपी वाढवू शकतं. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत आधीच पॅरासिटामोल असतं, वर तापाची वेगळी गोळी दिली की डोस डबल होतो, तेही बघा. नाकाला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स पुरतात. ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक लोक खिशात घेऊन फिरतात. एक तर व्हायरसवर ती चालत नाही आणि काही हृदयाच्या गोळ्यांसोबत घेतली तर ठोके बिघडवू शकते.

रोजच्या सहा गोळ्या चालू ठेवा. २०२० साली करोनात एक अफवा उठली होती की रामिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी करोना वाढतो आणि कित्येकांनी मनानेच बंद केल्या होत्या, पुढे अभ्यास झाले तर बंद करून काहीच फायदा नव्हता. फक्त आईचं खाणंपिणं अगदीच बंद झालं किंवा जुलाब लागले तर लघवीची गोळी आणि शुगरच्या काही गोळ्या एक-दोन दिवस कमी कराव्या लागतात, तेव्हा डॉक्टरांना फोन करा. आणि घरात वजनकाटा घ्याच. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर आलेलं मांस नाही, पाणी आहे. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, दोनच्या तीन झाल्या तरी तेच समजा.

अजून एक. आईसारख्या पेशंटला फ्लूची शंका आली तर पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरला दाखवा, ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध जेवढं लवकर सुरू होईल तेवढं उपयोगी पडतं. चौथ्या दिवशी बघू असं करू नका.

प्रश्न : वय २४, कधी काही आजार नाही. तीन आठवड्यांपूर्वी व्हायरल झालं होतं. आता ताप नाही पण जिना चढलो की घड्याळात पल्स १३० दाखवतं, बसलेलो असताना ९५. जिम बंद आहे, चैन पडत नाही. इंटरनेटवर मायोकार्डायटिस वाचून झोप उडालीये. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मित्रा, पहिलं म्हणजे रात्री ते वाचणं बंद कर. व्हायरलनंतर काही आठवडे नाडी जलद राहणं खूप कॉमन आहे. आठवडाभर पडून राहिलं की शरीराची सवय जाते, पाणी कमी पडलेलं असतं, कधी हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडचा प्रॉब्लेम त्याच वेळी सापडतो. करोनानंतर काहींना उभं राहिलं की नाडी पळण्याचा त्रास महिनोन्‌महिने राहिलेला आम्ही बघितलाय, तोही बहुतेकांचा हळूहळू कमी होतो.

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. कॉक्सॅकी, ॲडिनोव्हायरस, फ्लू, करोना असे बरेच व्हायरस ते करू शकतात. प्रमाण कमी आहे पण तरुण मुलांमध्येच जास्त दिसतं, म्हणून एकदा तपासून घे, वाट बघू नको. ईसीजी, ट्रोपोनिन, टूडी इको, आणि जोडीला हिमोग्लोबिन नि थायरॉइड. शंका राहिली तर हृदयाचा एमआरआय करतात. हे सगळं नॉर्मल आलं तर पहिला आठवडा फक्त चालायचं, मग हळूहळू वाढवायचं, जिममध्ये आधी उचलायचास त्याच्या अर्ध्या वजनापासून सुरुवात कर आणि ते प्री-वर्कआउटचं कॅफिनवालं पाकीट फेकून दे.

आणि जर सूज निघालीच तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम पूर्ण बंद, डॉक्टर पुन्हा तपासून हो म्हणेपर्यंत. हे ऐकायला जड जातं मला कळतंय, पण सुजलेल्या स्नायूवर जोर पडला तर ठोके अचानक बिघडतात, खेळताना कोसळलेल्या तरुण मुलांमध्ये हे एक कारण सापडतं. छातीत दुखणं, त्यातही दीर्घ श्वास घेतला किंवा आडवं झालं की वाढणारं, किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंट वगैरे नको, सरळ कॅज्युअल्टीत जा. ताप अंगात असताना जिमला जाणारी मुलं मी बघतो, घाम काढला की ताप जातो म्हणतात. तसं अजिबात करू नका रे.

प्रश्न : करोनाच्या लसीमुळे तरुण लोक अचानक जातायत असे मेसेज रोज येतात. खरं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : यावर आपल्याच देशात अभ्यास झालाय. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने ४७ मोठ्या हॉस्पिटलांतून १८ ते ४५ वयाच्या, आधी ठणठणीत असून अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जिवंत माणसांशी ताडून बघितली, २०२३ मध्ये ते छापून आलं. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो करोनामुळे ॲडमिट व्हावं लागलेल्यांत, घरात कोणी असं अचानक गेलेलं असलं तर, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू पिणं किंवा अंगावर येईल एवढा जोराचा व्यायाम केलेला असला तर. एमआरएनए जातीच्या लसींनी काही तरुण मुलांना मायोकार्डायटिस झाला होता हे खरं आहे, दुर्मिळ होता आणि बहुतेक बरे झाले, पण आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोव्हिशील्ड त्या जातीची नव्हती. खुद्द करोनाने हृदयाला काय केलं ते वुहानच्या पहिल्याच आकड्यांत दिसलं होतं, ॲडमिट असलेल्या ४१६ पेशंटपैकी ८२ जणांत हृदयाला इजा झाल्याची खूण रक्तात सापडली आणि त्यातले निम्म्याहून जास्त दगावले, ज्यांना ती इजा नव्हती त्यांच्यात मृत्यू ४.५ टक्के होते.

मेसेज पाठवणाऱ्या माणसाच्या घरात कोणी गेलेलं असू शकतं, त्याच्याशी भांडू नका, फक्त पुढे पाठवू नका.

प्रश्न : बायपास झालीये. फ्लूची लस घ्यावी का, आणि कधी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : घ्याच. हार्ट अटॅकनंतर हॉस्पिटलमध्येच फ्लूची लस द्यायची आणि वर्षभर बघायचं असा अभ्यास आठ देशांत झाला, अडीच हजारांवर पेशंट होते, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी भरलेलं इंजेक्शन. वर्षभरात लसवाल्यांत २.९ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्यांत ४.९ टक्के. एका सुईसाठी हा फरक मला फार मोठा वाटतो आणि तरीही स्टेंटचा डिस्चार्ज कार्ड घेऊन येणाऱ्या दहा पेशंटांत एकालाही कोणी लसीचं सांगितलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू उसळतो म्हणून एप्रिल-मेमध्ये घ्यावी, राहून गेली असेल तर आता घ्या. दरवर्षी घ्यावी लागते, कारण व्हायरस रूप बदलतो. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही, एखाद दिवस दंड दुखतो आणि कणकण वाटते एवढंच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगा आणि जागा पाच मिनिटं दाबून धरा. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच वेळी विचारून घ्या.

प्रश्न : वय ५९, बीपी आहे, बावीस वर्षं वारी चुकलेली नाही. दहा दिवसांपूर्वी ताप-खोकला झाला, आता ताप नाही, पण चाललं की दम लागतो. पालखी निघायला चार दिवस राहिलेत. घरचे जाऊ देत नाहीत. तुम्ही सांगाल तसं करेन. (एक वाचक, भोर)

उत्तर : माऊली, बावीस वर्षांचा नेम आहे म्हणून मी हे हलक्यात घेत नाही. पण चाललं की दम हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी सोडून देऊ शकत नाही. हे पत्र तुम्हाला आधी मेलवर पाठवतोय, छापून यायच्या आत. उद्याच ईसीजी आणि टूडी इको करून घ्या, बीपी बघा, छातीचा एक्स-रे काढा, बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालून बघा. ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा रिपोर्टमध्ये काही निघालं तर या वर्षी पायी नाही म्हणजे नाही.

सगळं नीट आलं तरी आळंदीहून निघू नका. दिवे घाट चढणं हे दहा दिवसांपूर्वी तापातून उठलेल्या हृदयाचं काम नाही. बीपीची गोळी चालू ठेवा, रोज घराजवळ थोडं थोडं चाला, आणि अडीच-तीन आठवड्यांनी दम गेलेला असेल तर गाडीने वाखरीला जा. शेवटचा टप्पा तिथून दिंडीत चाला, खांद्यावर पिशवी नको, ती मुलाकडे द्या. दम लागला तर बाजूला बसा, दिंडीतला कोणी ना कोणी तुमच्यासाठी थांबेल.